टँकरवाले बाळारामदादा

बाळारामदादांच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या बाजारात कोळणीसमोर वाकून कोलंबी निवडत होते. आवाज आधी ओळखूच आला नाही. "बाय, बाबा गेलं…" एवढंच बोलून ती थांबली. मग कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखा श्वास घेऊन म्हणाली, "मशीन लावायला आनत व्हतो. नेरं सोडलं आनि गाडीमदीच मान टाकली." समोरची कोळीण "ताई, घेतंस का नाय?" असं दोनदा विचारत होती आणि मी फोन कानाला तसाच धरून, हातातली कोलंबी तिच्या टोपलीत एकेक करून परत ठेवत होते. बाळारामदादांचं डायलिसिस दीड वर्षापासून चालू होतं. म्हणजे ही बातमी कधी ना कधी येणार हे मला, निदान मला तरी, ठाऊक असायला हवं होतं. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई मी. पण घरी आले, पंखा लावला आणि दोन तास नुसती बसून राहिले.

बाळारामदादा कोण, हे वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. त्यांचा फोटो कधी कुठे छापून आला नाही. पनवेलच्या पूर्वेला, नेऱ्याच्याही पुढे, डोंगराखाली एक लहान गाव आहे. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात मी अकरा वर्षं होते आणि त्या गावात ते मैल्याचा टँकर चालवत. हा लेख लिहू का, असं मी त्यांच्या बायकोला, हिराबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचा नाव लिवा. झाला ता सगला लिवा, लपवू नुका. फकस्त गावाचा नाव लिवू नुका. पोरींची लग्ना व्हावाची हायेत." म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. बाकी लपवत नाही.

मी त्या गावात गेले तेव्हा दादा पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, काळेसावळे, इस्त्रीचा शर्ट घालणारे. बापजाद्यांची भातशेती होती, ती भावाभावांत वाटली गेली आणि मग एकेका भावाने आपापला वाटा फार्महाऊसवाल्यांना विकला. दादांनी ओढ्याच्या खालच्या अंगाचा एक तुकडा राखला होता, बाकीचं गेलं. त्यातून त्यांनी एक जुना टँकर घेतला. आधी पाण्याचा होता. मग त्यावर पंप बसवून त्यांनी सेप्टिक टाक्या उपसायचं काम धरलं. डोंगराच्या कडेने बंगले उभे राहत होते, प्रत्येक बंगल्याला टाकी होती आणि टाकी भरली की दादांना फोन यायचा. गावातही आता घरोघरी संडास झाले होते, त्यांच्याही टाक्या हेच उपसत. सगळ्यांना त्यांची गरज होती आणि सगळे त्यांच्यापासून दोन हात लांब राहत. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत, तेही कोपऱ्यात. मी बाहेरची, शिकलेली, पण मीही वेगळी वागले असं नाही. रक्तदाब तपासायला ते पहिल्यांदा आले तेव्हा मी उठून खिडकी उघडली. त्यांनी ते पाहिलं. पुढच्या वेळी आले ते खुर्चीवर बसेनात. "उभ्या माणसाचं बीपी नीट येत नाही, दादा, बसा," म्हटलं, तर म्हणाले, "नको बाय, खुर्ची खराब व्हल." अंघोळ करून, अत्तर लावून आले होते. मला अजून ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

माझं तिथलं चौथं वर्ष. गणपती झाले आणि गावात हगवणीच्या केसेस सुरू झाल्या. आधी दोन मुलं, मग एका आळीतली सात माणसं. ओआरएसची पाकिटं वाटली, विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकली, पाणी उकळून प्या म्हणून आशाताईला घेऊन दारोदार फिरले. थोडं कमी झालं असं वाटलं आणि दसऱ्याच्या आधी कावीळ आली. डोळे पिवळे झालेली मुलं शाळेतून घरी पाठवली जाऊ लागली. रोज सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर नवी दोन-तीन माणसं. लोक झाडपाल्याचं औषध घ्यायला जायचे ते मला सांगायचे नाहीत आणि मी रागवायचे. माझी झोप उडाली होती ती दर्शनामुळे. दर्शना म्हणजे उपकेंद्राशेजारच्या घरातली सून, संतोषची बायको. तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना. अशी कावीळ गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी तिला रोज अंगणात उजेडात उभी करायची आणि डोळ्यांच्या कडा बघायची. ती हसायची. "आज पन पांढरंच हायेत ना, बाय?"

घरोघरच्या पाहणीत एक गोष्ट माझ्या वहीत वेगळी दिसली. विहिरीजवळच्या आळीत एकच घर असं होतं जिथे कुणाला ना हगवण होती, ना कावीळ. बाळारामदादांचं. मी हिराबाईंना सहज विचारलं, तुम्ही पाणी कुठलं पिता? त्यांनी तितक्याच सहज सांगितलं, "आमी बोरचा पितो. माज्या भावाच्या घरशी हे आनतान, कॅनमदी. इहिरीचा पिव नुका बोलतान." केव्हापासून? "झाला की वरीस." मी वहीत लिहायला पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं. वर्षभर हा माणूस आपल्या घरच्यांना गावच्या विहिरीचं पाणी पिऊ देत नाही. का?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओढ्याच्या कडेने वर चालत गेले. गावापासून थोडं वर एक लहान पूल आहे, फार्महाऊसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा. ओढा त्या पुलाखालून येतो आणि आमच्या विहिरीला जवळजवळ घासून पुढे जातो. दुपारी एक ते तीन त्या रस्त्याला चिटपाखरू नसतं. गाव जेवून आडवं झालेलं असतं. मी झाडीतून वळण घेतलं आणि समोर टँकर उभा होता. मागचा जाड पाइप कठड्यावरून खाली सोडलेला. आवाज येत होता… तो आवाज आणि तो वास मी वर्णन करत नाही. दादा पाइपावर पाय देऊन उभे होते. त्यांनी मान वर केली. आमच्यात वीस पावलांचं अंतर असेल. मी वळले आणि परत आले.

आणि मी कुणालाही सांगितलं नाही. हे इथे लिहिणं सोपं नाही, पण हिराबाईंनी सगळं लिहायला सांगितलं आहे आणि त्या 'सगळ्या'त मीही येते. मी परगावची बाई, उपकेंद्राच्या मागच्या खोलीत एकटी राहणारी. ते गावचे, त्यांचं भावकीचं अख्खं वेटोळं. वरच्या डॉक्टरांना पत्र लिहायला बसले, फाडलं. पुन्हा लिहिलं, कपाटात ठेवलं. विहिरीत दुप्पट पावडर टाकत राहिले. असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी दर्शनाला अंगणात उभी केली आणि तिने विचारायच्या आधीच मी तिच्या सासूला म्हटलं, गाडी बोलवा. डोळे हळदीसारखे होते. पनवेलला नेलं, तिथून मुंबईला. दर्शना वाचली. मूल पोटातच गेलं. मुलगी होती. वैद्यकीयदृष्ट्या मला चांगलं माहीत आहे की त्या चार दिवसांनी काही बदललं नसतं. हा रोग अंगात शिरून आठवडे काढतो, मग दिसतो. तरीही ते चार दिवस माझे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

बातमी आली तसा गाव पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा बोलावली. बोलावली कसली, लोक आपसूक जमले. मलाही बोलावलं, पाण्याबद्दल सांगायला. मी पोहोचले तर पाण्याबद्दल ऐकायला कुणी तयार नव्हतं. दोषी ठरून गेला होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला आदिवासींची दहा-बारा झोपड्यांची वाडी आहे. त्यांच्याकडे संडास नाहीत, ते ओढ्यावरच जातात, त्यांच्यामुळे हे झालं, त्यांना तिथून उठवायचं, आज, आत्ता. तरुण पोरं उभी राहिली होती. कुणाच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात कोयता मी स्वतः पाहिला. रात्रीच मुंबईहून परतलेला संतोष खांबाला टेकून बसला होता. डोळे कोरडे, तोंडावर रक्त नाही. सरपंच बसा, बसा म्हणत होते पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. मी बोलायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. उठायला हात जमिनीवर टेकलासुद्धा. तेवढ्यात मागून, चपलांच्या ढिगाजवळून, आवाज आला.

"वाडीवाल्यांना कशाला धरताव? घान मी टाकतू."

सगळे वळले. बाळारामदादा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"टँकर पुलावशी सोडतू. दुपारचा. दोन वरसा झाली."

कुणाला आधी कळलंच नाही. सरपंच म्हणाले, "बाळाराम, काय बोलतंस कलतंय का तुला?" त्यांनी मान हलवली. कुणीतरी ओरडलं, मग तुझ्या घरात कोण कसं आजारी नाय? मला वाटलं, आता हे गप्प बसतील. इथवर बोलले तेवढं पुरे होतं, याहून पुढचं सांगायची कुणी सक्ती केली नव्हती. पण ते म्हणाले, "आमी इहिरीचा पानी पीत नाय. मी घरान पिव देत नाय."

संतोष उठला. तो एवढ्या शांतपणे चालत गेला की लोकांनी वाट दिली. पहिला फटका तोंडावर बसला. नंतर किती बसले, कुणाकुणाचे बसले, मोजता आलं नाही. मी मध्ये घुसले. माझ्याही खांद्यावर काठी लागली, ती कुणाची ते मला आजही ठाऊक आहे आणि त्याला मी पुढे इंजेक्शनंही दिली. दादांनी हात उचलला नाही, चेहरासुद्धा झाकला नाही. सरपंचांनी आणि दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी ओढून काढलं तेव्हा भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. टाके मी घातले, उपकेंद्रात, आतून दाराची कडी लावून. खुर्चीवर बसवलं. या वेळी ते बसले. टाके घालताना मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "घान जावाची कुठं, बाय? शहराच्या घान साफ करावच्या कारखान्यावर खेर्‍यातला टँकर घेत नाय. आनि फार्महाऊसवाला टाकी खाली झाली की गेट लावून घेतो. कुठं नेतोस, असा कवा इचारला नाय कोनी." मी सुई टोचत राहिले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पन बोरचा पानी आनताना मना ठावं व्हता."

त्या दिवशी वाडीवर कुणी गेलं नाही.

पुढचं दीड वर्ष दादांचं कसं गेलं ते मी रोज बघत होते. पोलिसांत तक्रार झाली, दंड झाला, टँकरच्या काचा फुटल्या त्या फुटलेल्याच राहिल्या. टँकर अंगणात उभा. दुकानात गेले तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राही. हिराबाईंना विहिरीवर बायका जागा सोडत, म्हणजे त्या आल्या की बाकीच्या निघून जात. माणसाला वाळीत टाकायला बैठक घ्यावी लागत नाही, हे मी तिथे शिकले. आणि या सगळ्यात गावाच्या टाक्या भरत होत्या. बाहेरचा टँकर लवकर येत नसे. आलाच तर भरून कुठे घेऊन जातो हे पुन्हा कुणी विचारत नसे. कुठे जात असेल? दुसऱ्या कुठल्या तरी पुलावर.

दादा मात्र पनवेलला चकरा मारू लागले होते. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना मी माझ्या ओळखीने भेटवलं होतं. त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं. मैला ओतायचे वाळूखडीचे वाफे, त्यात घट्ट भाग वर राहून सुकतो आणि पाणी खाली झिरपतं. ते पाणी पुढे दगडगोट्यांच्या वाफ्यात, जिथे कर्दळ लावायची. कर्दळीच्या मुळांशी ते निवळतं. मग एक तळं. वीज नको, मोठं यंत्र नको. जागा हवी, तीही विहिरीच्या खालच्या अंगाला. दादांचा राखलेला तुकडा नेमका तिथेच होता. ते कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवत आणि ग्रामपंचायतीच्या पायरीवर जाऊन बसत. त्यांना कुणी आत बोलवत नसे. "आधी गावाला गू पाजला, आता गूचा कारखाना काडतंय," असं लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलत.

एका चैत्राच्या सकाळी ते रक्तदाबासाठी माझ्याकडे आले होते. पट्टा दंडाला बांधला होता आणि मी फुगवत होते, तेवढ्यात दर्शना धावत आली. त्या घटनेनंतर ती माझ्याशी बोलायची, पण दादा असतील तिथे पाऊल ठेवायची नाही. त्या दिवशी तिने ते बसलेत हे बघितलंसुद्धा नाही. "बाय, चला… यो टाकीन उतारलाय, बोलत नाय!" त्यांच्या घराची टाकी आठवडाभर तुंबली होती. संतोषने दादांना बोलवायचा प्रश्नच नव्हता. बाहेरचा टँकर येईना. शेवटी त्यानेच झाकण काढून, शिडी लावून, आतला तुंबलेला गाळ मोकळा करायचं ठरवलं होतं.

दादांनी पट्टा ओरबाडून काढला. मी पोहोचले तेव्हा ते टाकीच्या तोंडाशी जमिनीवर पालथे पडून आत बघत होते. मीही वाकले. संतोष शिडीला बिलगून होता, कमरेपर्यंत घाणीत, मान एका बाजूला कललेली. त्याचा धाकटा भाऊ अंगातला शर्ट काढून आत उतरायला पुढे झाला आणि दादांनी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला. "एक गेलाय, दुसरा नाय जावाचा! वायू हाय आत, दोन श्वासांत परशील!" भाऊ लाथा मारत होता, शिव्या देत होता. बायका रडत होत्या. दादांनी पाय सोडला नाही. ओरडून मला म्हणाले, "बाय, याला धरा! मी टँकर आनतू." मी आणि आशाताई त्या पोराच्या अक्षरशः अंगावर बसलो.

त्यांचं घर चार घरं पलीकडे. दीड वर्ष उभा असलेला टँकर. सुरू होणार नाही, अशी माझी खात्री होती. पण तो माणूस दर आठवड्याला ते इंजिन चालू करून ठेवायचा, हे मला नंतर कळलं. फुटक्या काचेचा टँकर दोन मिनिटांत अंगणात आला. टँकरचा पंप जसा ओढतो तसा उलटाही फिरवता येतो. दादांनी पाइप टाकीत सोडला आणि आत हवा मारायला सुरुवात केली. दोराचा फास केला, पुन्हा पालथे झाले, आणि तो संतोषच्या डोक्यावरून, एका हाताखालून घालायचा प्रयत्न करू लागले. एकदा निसटला. दुसऱ्यांदाही. श्वास घ्यायला ते तोंड बाजूला करत, पुन्हा आत घालत. माझ्या हातातलं घड्याळ मी बघत होते, सवयीने, आणि तो काटा मला चालताना दिसत नव्हता. तिसऱ्या वेळी फास बसला. मग सहा माणसांनी ओढलं.

संतोषचं तोंड मी पुसलं, उताणा करून छाती दाबली, मग कुशीवर वळवलं. तो खोकला. बऱ्याच वेळाने डोळे उघडले. त्याने समोर बसलेल्या दादांकडे पाहिलं आणि मान फिरवली. दादा उठले. दर्शना भिंतीला टेकून उभी होती. ते तिच्यासमोरून टँकरकडे गेले. पण टाकी मोकळी केल्याशिवाय ते गेले नाहीत. तिथेच उभं राहून सगळी उपसली आणि मग टँकरपाशी येऊन मला हळूच विचारलं, "आता यो भरलेला कुठं नेऊ, सांगा."

त्या भरलेल्या टँकरने काम केलं. तो तीन दिवस ग्रामपंचायतीसमोर उभा होता. दादांनी तो हलवायला नकार दिला. वास कार्यालयात गेला, देवळात गेला. चौथ्या दिवशी सभा भरली. ज्यांचा विरोध होता त्यांनी विरोध केला. नेहमीसारखं संतोषकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण त्याच्या तोंडावर कुणाची बोलायची हिंमत नव्हती. तो जमिनीकडे बघत बसून राहिला. शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याचं ते न बोलणंच वाफ्यांचा ठराव मंजूर करून गेलं. मगच दादांनी आपल्या शेतात खड्डा घेऊन तो टँकर रिकामा केला, वर माती आणि चुना टाकला. जमिनीचा तुकडा ग्रामपंचायतीच्या नावे करून दिला. हिराबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

वाफे तयार व्हायला दोन वर्षं लागली. पहिल्या वाफ्यात वाळू बारीक पडली, पाणी झिरपेना. उकरून पुन्हा भरली. सुकलेला मैला दादा मोठ्या चाळणीने चाळून, महिनोन् महिने कुजवून, मगच आंब्यांना घालू देत. पण त्यांचं खरं काम वाफ्यांवर नव्हतं, पुलावर होतं. रोज दुपारी एक वाजता ते त्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसत. इतर गावांचे टँकरवाले तिथे यायचे, कारण वेळ आणि जागा सगळ्यांना तीच सोयीची. दादा उठून टँकरसमोर उभे राहत. एकदा एकाने टँकर त्यांच्या पोटाला टेकेपर्यंत पुढे आणला होता. मी पाहिलंय. दादा बाजूला झाले नाहीत. म्हणाले, "मी पन हितंच सोडायचू. चल, तुला जागा दाखवतू." आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले, त्याला खाली वाफ्यांवर घेऊन गेले. पुढे पुढे टँकर आपणहून खाली वळू लागले, तरी दादांचं दुपारचं बसणं काही सुटलं नाही. त्यांना दुपारची झोप कधी मिळाली असेल असं मला वाटत नाही.

विहिरीच्या पाण्याचे नमुने चांगले येऊ लागले. गावात कावीळ पुन्हा आली नाही. माझी बदली झाली, मग निवृत्ती, आणि मी पनवेलला राहायला आले. आणि त्यांच्या किडन्या गेल्या. साखर होती, रक्तदाब होता. औषधं वेळेवर घेणारा तो माणूस नव्हता. आठवड्यातून दोनदा पनवेलला मशीनवर यायचे आणि कधीमधी, अंगात त्राण असेल तर, माझ्याकडे. शेवटचे आले ते जाण्याच्या दहा दिवस आधी. चेहरा सुजलेला, हात थंड. त्यांना पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून चहा अर्धा कप. कप हातात धरून म्हणाले, "बाय, त्या दिवशी पुलावर तुमी मना बघितला. कोनाला बोलल्या नाय."

इतक्या वर्षांत आम्ही तो विषय कधी काढला नव्हता. मी म्हटलं, "घाबरले होते, दादा. बोलायला हवं होतं मी."

"तुमी बोलल्या असत्या त मी खोटा हाय बोललू असतू. टँकर धुऊन उभा केला असता." त्यांनी कप खाली ठेवला. "चार दिवस वाट बघितली. आज बोलतान, उद्या बोलतान. तुमी बोललाच नाय. मग वाडीवर कोयता घेऊन निगाले…"

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांचं बोलणं मला सोडवणारं होतं की धरून ठेवणारं, याचा विचार मी गेले काही आठवडे करते आहे. जाताना म्हणाले, "कर्दल फुललीय, बघायला या." येते म्हटलं. गेले नाही.

गेले ती परवा, ते नसताना. हिराबाईंना भेटून खाली वाफ्यांवर गेले. कर्दळ खरंच फुलली होती, लाल आणि पिवळी. कडेला औजारांची एक पत्र्याची खोली आहे, तिच्यात मी पूर्वी कधी शिरले नव्हते. आत खिडकीच्या फळीवर काचेच्या सात बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीत पाणी, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर वार लिहिलेला. सोमवार, मंगळवार… तळ्यातून ओढ्याला जाणारं पाणी दादा रोज एका बाटलीत भरून ठेवत, तळाशी गाळ किती बसतो, रंग बदलतो का, ते बघायला. तो दिवस गुरुवार होता. गुरुवारची बाटली बाहेरून ओली होती.

मागे पावलं वाजली. दर्शना होती, पदर खोचलेला, पायात गमबूट. मी बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"मीच भरते," ती म्हणाली. "ते मशीनवर जायला लागले तवापासून."

"तू त्यांच्याशी बोलायचीस?"

"नाय. ते दुपारचं पुलावर जायचं, तवा मी यायची." तिने शनिवारची बाटली उचलून उजेडात धरली, तळ बघितला आणि पुन्हा ठेवली. "त्यांना मी माफ केला असा लिवू नुका, बाय. माजी पोर असती तर आता चौथीला असती. पन ओढ्याच्या खाली पन मान्सा रातान. पानी बघायला पायजे ना कोनीतरी."

मग तिने गुरुवारची बाटली माझ्या हातात दिली. पाणी अजून थोडं हलत होतं. "आताच भरलीय," ती म्हणाली. "बसू दे. मग बघा." आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो आणि पाणी निवळायची वाट बघू लागलो.